काट्याची साक्ष

या लेखाची सुरुवात एका नोंदवहीपासून होते, आणि ती नोंदवही माझ्याच हातची आहे.

नवेगाव बांध हे माझे गाव. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते तलावामुळे, हिवाळ्यात उतरणाऱ्या पाखरांमुळे आणि मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे. मी मात्र पोटापाण्यासाठी गावापासून दूर एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे परिचर होतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी काचेची भांडी धुवायची, आगर शिजवायचे, आणि ते सगळे ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुक करून ठेवायचे, हे माझे काम. शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचले ते ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांतून आणि प्राध्यापकांना प्रश्न विचारून.

ज्यांनी ऑटोक्लेव्ह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो म्हणजे मोठ्या पिंपाएवढा, जाड पत्र्याचा उभा कुकरच. झाकणाभोवती घट्ट पिळायचे विंग नट, झाकणाखाली रबरी गॅस्केट, वर दाब दाखवणारे घड्याळ, वाफ सोडायची एक तोटी आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. तळाशी पाणी आणि पाण्यात विजेचे हीटर. दाब चौरस इंचाला १५ पौंडांवर आला की तिथून १५ ते २० मिनिटे मोजायची, हा पाठ. शेजारी दोरीला बांधलेली नोंदवही. तारीख, सामान, दाब, वेळ, सही.

ती नोंदवही आज कुणी उघडून पाहिली तर पानेच्या पाने एकसारखी दिसतील. १५ पौंड, २० मिनिटे. १५ पौंड, २० मिनिटे. एकच पेन, एकच अक्षर. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत ती पाने भरलेली असत, हे मी इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याचा भरवसा नसे. पाणी उकळू लागल्यावर वाफेची तोटी उघडी ठेवून आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची असते. त्यात बराच वेळ जातो. मी दोन मिनिटांत तोटी बंद करू लागलो. त्याने घड्याळाचा काटा उलट लवकर चढे. मला वाटे, काम झाले.

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत बऱ्याच पेट्री डिशवर सुरकुतलेल्या, पसरट वसाहती उगवल्या. मातीतल्या जिवाणूंच्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नोंदवही मागवली. नोंदवहीत डाग नव्हता. मग दोष विद्यार्थ्यांच्या हाताचा ठरला. एका मुलीला सर्वांदेखत सांगण्यात आले की तिचा हात स्वच्छ नाही. तिचे गुण कापले गेले. मी दाराशी उभा होतो. संध्याकाळी मी त्याच खेपेतल्या चार कोऱ्या डिश उबवण पेटीत ठेवल्या. त्यांना कुणाचा हात लागलेला नव्हता. दोन दिवसांनी चारपैकी तीन डिशवर तेच उगवले होते.

मी ते कुणाला दाखवले नाही.

त्यानंतर मी वाचू लागलो. काटा बरोबर असताना आत काय चुकले, एवढेच मला शोधायचे होते. वाचता वाचता मी मुंबईच्या परळला पोहोचलो, आणि तिथून पंजाबातल्या मुल्कोवाल नावाच्या एका खेड्यात.

बीजाणूचा शोध

दाबाखालच्या वाफेचे भांडे औषधासाठी नव्हे, स्वयंपाकासाठी जन्मले. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनला रॉयल सोसायटीसमोर आपले 'डायजेस्टर' दाखवले. बंद भांड्यात पाणी तापवले की वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांच्या वर जाते. कडक हाडेही त्यात मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून पापँने त्यावर वजनाचा व्हॉल्व्ह बसवला. आपल्या घरातल्या कुकरची शिट्टी त्याच व्हॉल्व्हची वारस.

पुढे दोनशे वर्षे हे भांडे स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यापुरतेच राहिले. जंतू उकळल्याने मरतात अशीच समजूत होती. ती १८७० च्या दशकात मोडली. फर्डिनांड कोन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७६ मध्ये गवताच्या काढ्यातल्या जिवाणूंचा अभ्यास करून दाखवले की काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती टणक कवच बांधून बीजाणू होतात आणि उकळते पाणीही सोसतात. इंग्लंडात जॉन टिंडलला हाच अनुभव आला. त्याने १८७७ मध्ये उपाय सांगितला की एकदा उकळा, थांबा, बीजाणू अंकुरू द्या, मग पुन्हा उकळा.

आपल्याकडे धानाचे बी कोठीत महिनोन्‌महिने निपचित पडून असते आणि पाणी मिळाले की उगवते. बीजाणूचे तसेच. फरक इतकाच की धान उकळले तर मरते, हा मरत नाही.

पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ च्या सुमारास पापँचे भांडे प्रयोगशाळेत आणले. १२० अंशांच्या आसपासची दमट उष्णता काही मिनिटे मिळाली की बीजाणूही टिकत नाहीत. हाच ऑटोक्लेव्ह.

यात एक गोष्ट ध्यानात धरायची. मारते ती उष्णता, दाब नव्हे. दाब हा फक्त वाफेला १०० अंशांच्या वर नेण्याचा मार्ग. भांड्यात निव्वळ वाफ असेल तर १५ पौंडांवर १२१ अंश मिळतात. पण हवा निम्मीच निघाली असेल तर त्याच १५ पौंडांवर आत ११२ अंश असतात. हवा अजिबात काढली नसेल तर जेमतेम १००. काटा तिन्ही वेळा १५ वरच उभा असतो. तो खोटे बोलत नाही. त्याला विचारले तेवढेच तो सांगतो, आणि आपण त्याला दाब विचारलेला असतो.

हे कोष्टक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या नोंदवहीतली सगळी पाने डोळ्यांपुढून गेली.

परळची प्रयोगशाळा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरचा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पुण्यात रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. या दोन्ही घटनांच्या मागे प्लेग आहे.

त्याच वेळी मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती. वाल्डेमार हाफकिन हे १८६० साली ओडेसाला जन्मलेले ज्यू संशोधक. शिक्षण प्राणिशास्त्राचे, वैद्यकाची पदवी नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस केली आणि १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. प्लेग उद्भवताच सरकारने त्यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या छोट्याशा जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. जागा बदलत बदलत ही प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. १९२५ पासून हिलाच आपण हाफकिन संस्था म्हणतो.

लस करण्याची रीत साधी पण वेळखाऊ होती. मोठ्या चंबूत पोषक रस घ्यायचा आणि त्यावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांसारखे. चंबू हलवला की ते गळून तळाशी जात आणि वर नवे लोंबू लागत. असे काही आठवडे चाले. मग तो सगळा रस ६५ ते ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे, जपणूक म्हणून थोडे कार्बॉलिक ॲसिड घालायचे आणि लस बाटल्यांत भरायची.

इथे जरा थांबले पाहिजे. प्लेगचा जंतू ६५ अंशांवर मरतो, कारण तो बीजाणू धरत नाही. याहून जास्त तापवले तर लसीचा गुण जाईल. म्हणजे भरलेली लस ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. चंबू, रस, बाटल्या, बुचे हे सगळे आधीच निर्जंतुक झालेले असले पाहिजे, आणि त्यानंतर प्रत्येक हात स्वच्छ असला पाहिजे. एकदा लस भरली की दुसरी संधी नाही.

आणि धनुर्वाताचा जंतू बीजाणू धरतो. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जपानी संशोधक किटासातो यांनी १८८९ मध्ये तो प्रथम वेगळा काढला, तो याच गुणाच्या आधारे. जंतूंचे मिश्रण त्यांनी ८० अंशांवर तापवले. बाकीचे मेले, धनुर्वाताचे बीजाणू उरले. म्हणजे लसीला दिलेल्या ६५-७० अंशांत धनुर्वाताचा बीजाणू सापडला तर तो सुखरूप बाहेर पडणार, हे परळची प्रयोगशाळा उघडण्याच्या दहा वर्षे आधीच कळलेले होते.

त्रेपन्न एन

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगविरुद्ध टोचणीची मोठी मोहीम सुरू झाली. लसीची मागणी एकदम वाढली. परळला रीत थोडी बदलली गेली. लस लवकर आणि जास्त व्हावी म्हणून नवे माध्यम आले, आणि कार्बॉलिक ॲसिड गाळले गेले. पाश्चर संस्थेत उष्णतेवर भिस्त ठेवण्याची पद्धत रुळलेली होती, त्यामुळे हाफकिन यांना यात काही वावगे वाटले नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यासाठी परळहून आलेल्या पाच बाटल्या वापरल्या. आठवडाभरात त्यांतल्या एकोणीस जणांचे जबडे आवळू लागले, पाठी धनुष्यासारख्या वाकल्या. एकोणीसच्या एकोणीस दगावले. या सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचले होते. बाटलीवर खूण होती ५३ एन. बाकी चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही.

त्या एकोणीस माणसांबद्दल मी जे वाचले त्यात बाटलीचा क्रमांक सगळीकडे आहे, माणसांची नावे कुठे नाहीत. ते शेतकरी असतील, त्यांत लेकुरवाळ्या बाया असतील. सरकारी डॉक्टरने सांगितले म्हणून त्यांनी बाही वर केली. मी प्रयोगशाळेतला माणूस, त्यामुळे माझे मन बाटलीकडे जाते. पण वाचकाने त्या एकोणीस दंडांकडे पाहावे.

चौकशी समिती नेमली गेली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे प्रमुख होते. प्रश्न एकच होता. बीजाणू बाटलीत कुठे शिरला? परळला, की मुल्कोवालला?

बाटली गावात उघडण्याच्या एक्केचाळीस दिवस आधी परळला भरली गेली होती. उघडताना काय घडले तेही साक्षीत आले. बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. तो ज्योतीवर धरून शुद्ध करण्याऐवजी कार्बॉलिकच्या पाण्यात हलवून घेतला गेला आणि त्यानेच बूच ओढले. जनावरांचा वावर असलेल्या जमिनीत धनुर्वाताचे बीजाणू असतातच.

तरीही समितीचा कौल पडला की दोष बाटली उघडण्याआधीचा, म्हणजे परळचा. कार्बॉलिक गाळल्याबद्दल हाफकिन यांच्यावर ठपका आला. त्यांना प्रमुखपद सोडावे लागले आणि ते इंग्लंडला गेले. परका, ज्यू, बिनपदवीचा आणि हिंदुस्थानातल्या लष्करी डॉक्टरांच्या सेवेबाहेरचा माणूस. त्याच्या बाजूने बोलणारे तेव्हा थोडे होते.

पुढे त्यांच्या बाजूने उभे राहिले ते रोनाल्ड रॉस. मलेरियाचा डासांशी संबंध दाखवून नोबेल मिळवलेले तेच. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यांचा मुद्दा सरळ होता. बीजाणू एक्केचाळीस दिवस बाटलीत वाढला असता तर लसीला घाण वास आला असता. बाटली उघडताना तिचा वास घेतला होता आणि तसे काही जाणवले नव्हते. शिवाय अर्धा टक्का कार्बॉलिकने धनुर्वाताचा बीजाणू मरत नाही, तेव्हा ते घातले असते तर माणसे वाचली असती असे म्हणता येत नाही. उरतो तो जमिनीवर पडलेला चिमटा.

हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९०७ च्या अखेरीस ते कलकत्त्याला परतले, पण लस तयार करण्याचे काम त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. १९३० मध्ये लोझानला त्यांचा मृत्यू झाला. परळच्या संस्थेला त्यांचे नाव त्याआधी पाच वर्षे दिले गेले होते.

हा इतिहास सांगताना हाफकिन यांच्यावरचा अन्याय आणि त्याचे परिमार्जन इथे लेखक थांबतात. मला थांबता आले नाही. परळची सुटका झाली ती चिमटा पडल्याचे कुणी पाहिले आणि सांगितले म्हणून. तो पडला नसता किंवा कुणी बोलले नसते, तर? ५३ एन ही रिकामी बाटली ज्या दिवशी निर्जंतुक केली गेली त्या दिवशी भांड्यात खरोखर किती उष्णता होती, हे सांगणारी साक्ष समितीला हवी होती. बाटली तर वापरून संपली होती. वाद अखेर अनुमानावर लढला गेला, दोन्ही बाजूंनी. आणि अनुमानाने निवाडा होतो तेव्हा दोष सहसा त्याच्याकडे जातो ज्याच्या पाठीशी कुणी नाही. आधी परक्या शास्त्रज्ञाकडे गेला, मग खेड्यातल्या मदतनिसाकडे.

परीक्षेच्या खोलीतली ती मुलगी मला इथे पुन्हा दिसली.

साक्ष होती, पण ऐकली नाही

साक्षच नसली तर काय होते ते मुल्कोवालने दाखवले. साक्ष असूनही काय होते ते सत्तर वर्षांनी इंग्लंडात दिसले.

मार्च १९७२ मध्ये प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना शिरेतून डेक्स्ट्रोजचे सलाईन दिल्यावर त्यांची प्रकृती एकाएकी ढासळू लागली. पाच रुग्ण दगावले. बाटल्यांत जिवाणू वाढलेले आढळले. त्या बाटल्या आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलजवळच्या एका कारखान्यात ऑटोक्लेव्ह झालेल्या होत्या. क्लोदियर समितीने तपास केला तेव्हा कळले की यंत्राच्या तळाशी हवा अडकून राहिली होती. हवा वाफेपेक्षा जड, ती खाली बसते. वरच्या बाटल्यांना पुरी उष्णता मिळाली, खालच्यांना मिळाली नाही.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचते ते पुढचे. तळाचे तापमान नोंदवणारे उपकरण त्या यंत्राला होते आणि त्याने उष्णता कमी असल्याचे दाखवलेही होते. पण दुसरी घड्याळे ठीक दाखवत होती. कामावरच्या माणसांना वाटले, तळाचे उपकरणच बिघडले असावे. नंतर काही बाटल्या नमुना म्हणून तपासल्या गेल्या आणि त्या चाचणीतही दोष सापडला नाही. माल गोदामात गेला, आणि वर्षभराने माणसांच्या शिरांत.

सगळे ठीक आहे असे सांगणाऱ्या काट्यावर आपण लगेच विश्वास ठेवतो. नाही म्हणणारा काटा बिघडलेला वाटतो.

देखभाल म्हणजे काय

कोष्टक वाचल्यानंतर मी काम करण्याची रीत बदलली. त्यातले काही इथे लिहितो, कारण गावोगावच्या महाविद्यालयांत, दवाखान्यांत, रक्त तपासणाऱ्या छोट्या खोल्यांत हे यंत्र आहे, आणि ते चालवणारा माणूस बहुधा माझ्यासारखाच असतो, कुणाकडून तरी पाहून शिकलेला.

पाणी आधी पाहावे. हीटर पूर्ण बुडतील इतके, आणि शक्यतो डिस्टिल्ड. विहिरीच्या पाण्याचा क्षार हीटरवर बसतो, आणि कोरडा तापलेला हीटर जळतो. गॅस्केट रोज पुसून त्याला चीर पडली आहे का ते बोट फिरवून पाहावे. गॅस्केटमधून वाफ गळू लागली तर नट आणखी पिळू नयेत, यंत्र बंद करावे. नट समोरासमोरचे जोडीने आवळावेत, म्हणजे झाकण एका बाजूला कलत नाही. सामान खच्चून भरू नये, वाफेला वाट हवी. चंबू दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नयेत आणि बाटल्यांची झाकणे सैल ठेवावीत. घट्ट बंद बाटली आतल्या दाबाने फुटते.

मग हवा. पाणी उकळून तोटीतून वाफेची सलग, जोरकस धार येईपर्यंत तोटी बंद करायची नाही. आधी फसफस करत हवामिश्रित वाफ येते, तिला भुलू नये. वेळ मोजायची ती त्यानंतर, तापमान चढल्यावर.

सर्वांत जास्त अपघात होतात ते शेवटी, झाकण उघडताना. काटा शून्यावर आल्याशिवाय नटाला हात लावू नये. घाईने वाफ सोडली तर आतले आगर उसळून चंबूबाहेर येते. दाब उतरल्यावरही चंबूतला द्रव उकळबिंदूपेक्षा जास्त तापलेला असू शकतो आणि नुसत्या धक्क्याने उसळतो. वाफेने भाजणे हे गरम पाण्याने भाजण्यापेक्षा वाईट, कारण एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता टाकून जाते. झाकण उघडताना त्याची पलीकडची कड आधी उचलावी, तोंड बाजूला ठेवावे, हातात जाड मोजे असावेत.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. तो अडकलेला नाही ना हे ठरावीक दिवसांनी तपासावे. गळतो म्हणून त्याच्यावर वजन ठेवणे किंवा तार बांधणे हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या भागातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. कोहळ्यांनी या मुलखात तलाव बांधले ते पाळीसोबत सांडवा ठेवूनच. पाणी किती साठवायचे हे पाळीने ठरते, पण पाळ टिकते ती सांडव्यामुळे. सांडवा बुजवून जास्त पाणी साठवू पाहणारा तलावच गमावतो.

गोंदियाच्या राईस मिलमध्ये उसना तांदूळ वाफेवरच होतो. तिथल्या बॉयलरसाठी १९२३ पासून कायदा आहे, तपासायला निरीक्षक येतो. माझ्या साऱ्या नोकरीत आमचा ऑटोक्लेव्ह पाहायला बाहेरून कुणी आले नाही. त्यामुळे त्याची तपासणी ही चालवणाऱ्याच्या सचोटीवर उरते. रंग बदलणारी चिकटपट्टी मिळते, पण ती एवढेच सांगते की सामान वाफेत जाऊन आले. खरी परीक्षा बीजाणूंची. उष्णतेला सर्वांत चिवट असलेल्या एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू लावलेली पट्टी मिळते. ती भांड्यात सर्वांत थंड राहील अशा जागी, म्हणजे तळाशी सामानाच्या मधोमध ठेवायची आणि नंतर ५५ ते ६० अंशांवर उबवून पाहायची. उगवले तर यंत्र नापास. पट्टी मिळाली नाही तरी प्रत्येक खेपेतली एक कोरी डिश बाजूला ठेवून उबवणे कुणालाही जमते.

ज्या डिश मी एका संध्याकाळी लपून उबवल्या, त्या रोजच उबवायला हव्या होत्या. तेवढे केले असते तर परीक्षेच्या आधीच कळले असते.

मी नवी नोंदवही आखली. दाबाच्या रकान्याशेजारी तापमानाचा रकाना, हवा सोडली ती किती वाजता ते किती वाजता, कोरी डिश उगवली की नाही. आणि शेवटी एक रुंद रकाना, काय बिघडले ते लिहायला. जुन्या वहीत तो नव्हता, त्यामुळे तिच्यात कधी काही बिघडले नाही.

त्या मुलीला मी पुढे सांगितले. तोवर ती उत्तीर्ण होऊन एका तपासणी केंद्रात कामाला लागली होती. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "काका, तेव्हा का नाही बोललात?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. नोकरी जाईल ही भीती होती, पण ते उत्तर नव्हे.

आता मी निवृत्तीआधीच नोकरी सोडून गावी आलो आहे. येताना नव्या वहीच्या पहिल्या पानाची नक्कल आणली. त्यावर पहिलीच नोंद अशी आहे: 'वीज गेली. हवा पूर्ण निघाली नव्हती. दाब १५ दिसत होता. सामान वापरू नये, पुन्हा लावावे.' खाली माझी सही आहे. त्या वहीतली ती माझी पहिली खरी सही.